केमोला न बधणारी गाठ

मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतापर्यंत पोचला आहे, म्हणून दर चौदा दिवसांनी केमो सुरू झालं आहे. पहिल्या काही सायकलींत रक्तातल्या सीईए या कर्करोगाच्या खुणेचा आकडा झरझर उतरतो. सीटी स्कॅनमध्ये यकृतावरचे डाग आकसलेले दिसतात. घरातल्यांच्या जिवात जीव येतो. मग एका तपासणीत आकडा जागच्या जागी अडतो आणि पुढच्या खेपेला चढलेला निघतो. डॉक्टर म्हणतात, 'आता दुसरी लाइन सुरू करू.' त्यावर नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: 'इतके दिवस तर लागू पडत होतं, मग आत्ताच काय झालं? शरीराला औषधाची सवय झाली का?'

शंका रास्त आहे, पण सवय शरीराला झालेली नसते. त्याच सायकलीनंतर त्याच रुग्णाचं तोंड पूर्वीसारखंच येतं, जुलाब पूर्वीसारखेच होतात, पांढऱ्या पेशी पूर्वीइतक्याच उतरतात. शरीर औषधाला सरावलं असतं, तर हे त्रास आधी थांबले असते. म्हणजे औषध रक्तात पोचतं आहे आणि भराभर वाढणाऱ्या निरोगी पेशींना चोपही देतं आहे. बधत नाही ती फक्त गाठ, आणि तीही परवापर्यंत बधत होती.

याचं नेहमीचं उत्तर म्हणजे म्युटेशन. पेशीच्या डीएनएत बदल होतो, बदललेली पेशी औषधातून वाचते आणि तिची पिलावळ वाढते. हे खरं आहे, पण एवढ्यावर भागत नाही. कधी कधी गाठ इतक्या लवकर निगरगट्ट होते, की नवा बदल घडून त्याची पिलावळ वाढायला वेळच मिळालेला नसतो. कधी काही महिने बंद ठेवलेलं औषध पुन्हा दिलं, तर ते थोडंफार लागू पडतं. ऑक्झालिप्लॅटिनच्या बाबतीत डॉक्टर ही वाट वापरतातही. डीएनएतला बदल असा सहजासहजी माघारी फिरत नाही. तेव्हा मूळ मजकूर तोच ठेवूनही पेशीला आपलं वागणं बदलता येत असलं पाहिजे. ते कसं, याचा शोध घेताना गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संशोधकांची नजर रेणूंच्या एका मोठ्या जमातीवर वारंवार पडली. तिचं नाव नॉन-कोडिंग आरएनए.

अन्ननलिका, जठर, यकृत, स्वादुपिंड, आतडी या पचनसंस्थेच्या कर्करोगांत हा प्रश्न विशेष जाचतो. जगभरातल्या कर्करोगमृत्यूंपैकी साधारण एक तृतीयांश याच अवयवांच्या वाट्याला येतात.

औषध नेमकं काय करतं?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात 'फॉलफॉक्स' ही जोडणी फार वापरली जाते. डे-केअर वॉर्डात दोनेक तास ऑक्झालिप्लॅटिनची सलाइन चालते, सोबत ल्युकोव्होरिन असतं. मग येतं फ्लुरोयुरॅसिल, ज्याला सगळे फाइव्ह-एफयू म्हणतात. ते आधी एका दमात देतात आणि नंतर छातीतल्या पोर्टला जोडलेल्या छोट्या पंपातून ४६ तास थेंबथेंब सोडतात. पंप कमरेला लावून माणूस घरी जातो. ऑक्झालिप्लॅटिन घेतलेल्याला पुढचे काही दिवस फ्रिजमधली बाटली हातात धरवत नाही. बोटांना झिणझिण्या येतात.

फाइव्ह-एफयू हे जुनं औषध. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या चार्ल्स हायडेलबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९५७ साली मांडलं. आरएनएतलं युरॅसिल नावाचं एक अक्षर घ्यायचं आणि त्यातल्या एका हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन बसवायचा, एवढाच फरक. पेशी त्याला युरॅसिल समजून आत घेते आणि फसते. डीएनएसाठी लागणारं थायमिन तयार करणारं एन्झाइम या नकली अक्षराने अडकून पडतं. वर हे नकली अक्षर डीएनएतही घुसतं. ऑक्झालिप्लॅटिनमध्ये प्लॅटिनम धातू आहे. जपानमधल्या नागोया इथे योशिनोरी किदानी यांनी ते १९७६ मध्ये तयार केलं. ते डीएनएच्या अक्षरांना एकमेकांशी बांधून टाकतं, त्यामुळे धाग्याची प्रत काढता येत नाही.

तिसरं महत्त्वाचं औषध इरिनोटेकान. त्याचा उगम कॅम्प्टोथेसिन या वनस्पतिजन्य द्रव्यात आहे आणि या द्रव्याशी महाराष्ट्राचं दुहेरी नातं आहे. १९६६ साली एका चिनी वृक्षातून ते वेगळं काढणाऱ्या दोघांपैकी एक मन्रो वॉल, तर दुसरे मनसुख वाणी. वाणींचा जन्म १९२५ साली नंदुरबारचा आणि शिक्षण मुंबई विद्यापीठात झालेलं. पुढे याच जोडीने टॅक्सॉलही शोधलं, पण आपल्याकडे वाणींचं नाव किती जणांनी ऐकलेलं असतं? दुसरं नातं सह्याद्रीतल्या नरक्याचं. १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन या मुंबईतल्या सिबा संशोधन केंद्राच्या रसायनशास्त्रज्ञांनी या झाडात कॅम्प्टोथेसिन असल्याचं दाखवलं. त्यानंतर नरक्याच्या लाकडाला असा भाव आला, की कोकणातल्या लोकांना हे झाड आता मुख्यतः तस्करीच्या बातम्यांतून माहीत असतं. डीएनएचा पीळ सैल करणारं एक एन्झाइम असतं. ते काम करत असतानाच इरिनोटेकान त्याला जागच्या जागी खिळवतं आणि धागा तुटतो.

तिन्ही औषधांच्या बाबतीत एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. औषध पेशीला सहसा थेट मारत नाही. ते तिच्या डीएनएची नासधूस करतं. नासधूस हाताबाहेर गेली आहे हे पेशीच्या लक्षात आलं, की पेशी स्वतःहून, शिस्तीत मरते. याला अपॉप्टोसिस म्हणतात. तेव्हा औषध पेशीत शिरलं पाहिजे, तिथे टिकलं पाहिजे, इजा झाली पाहिजे, ती इजा पेशीला कळली पाहिजे आणि कळल्यावर पेशीने मरायचं ठरवलं पाहिजे. यातली एक पायरी जरी ढिली पडली, तरी केमो वाया जातं.

मूळ दप्तर, नक्कल आणि रद्दचा शिक्का

ज्याने तहसील कचेरीत खेटे घातले आहेत, त्याला पेशीचा कारभार चटकन समजेल. मूळ दप्तर रेकॉर्ड रूममध्ये असतं, ते बाहेर निघत नाही. बाहेर निघते ती नक्कल, आणि पुढची सगळी कामं नकलेवर होतात. पेशीच्या केंद्रकातला डीएनए हे मूळ दप्तर. त्यातल्या एका जनुकाची उतरवून घेतलेली नक्कल म्हणजे मेसेंजर आरएनए. ही नक्कल केंद्रकाबाहेर येते आणि तिच्यावरून प्रथिन तयार होतं. कापणं, जोडणं, दुरुस्ती, पहारा ही पेशीतली बहुतेक कामं प्रथिनंच करतात.

माणसाच्या डीएनएत सुमारे तीन अब्ज अक्षरं आहेत. त्यात प्रथिनांची जनुकं भरली सुमारे वीस हजार, आणि प्रथिनांचा प्रत्यक्ष मजकूर जेमतेम दोन टक्क्यांत मावतो. उरलेल्या भागातल्या बऱ्याचशा मजकुराला १९७२ साली सुसुमु ओहनो यांनी 'जंक' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. पुढे तंत्र सुधारलं तेव्हा दिसलं, की या भागांच्याही नकला निघतात, फक्त त्यांच्यावरून प्रथिन होत नाही. हेच नॉन-कोडिंग आरएनए. यातल्या पुष्कळशा नकला निव्वळ रद्दी असतील, हेही सांगितलं पाहिजे. पण काहींचं काम पक्कं ठाऊक आहे, आणि ते काम म्हणजे इतर नकलांवर हुकमत चालवणं.

१९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकून यांनी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका जंतात असा पहिला रेणू दाखवला. तो होता अवघ्या बावीस अक्षरांचा, आणि तो एका मेसेंजर आरएनएला चिकटून त्याचं प्रथिन होऊ देत नव्हता. जंतांचं काहीतरी वेगळं असेल म्हणून सात वर्षं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. २००० साली तसाच दुसरा रेणू सापडला, तो माणसातही निघाला, आणि मग झुंबड उडाली. या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं. या रेणूंना मायक्रोआरएनए म्हणतात.

मायक्रोआरएनए म्हणजे नकलेवर 'रद्द' असा शिक्का मारणारा कारकून. नकलेच्या शेपटाकडच्या भागात सहा-आठ अक्षरं जुळली, की त्याचं काम होतं. ती नक्कल एकतर अडकून पडते किंवा फाडली जाते. एवढी थोडी अक्षरं जुळवायची असल्यामुळे एकच कारकून शेकडो प्रकारच्या नकलांवर शिक्के मारू शकतो. हे ध्यानात असू द्या. उपचारांचं घोडं पुढे इथेच पेंड खातं.

दोनशेहून जास्त अक्षरांचे ते लाँग नॉन-कोडिंग आरएनए. त्यांची कामं तऱ्हेतऱ्हेची. काही रेकॉर्ड रूममध्येच बसतात आणि कोणतं कपाट उघडायचं, कोणतं बंद ठेवायचं हे ठरवण्यात हात घालतात. काही बाहेर येऊन कारकुनांना चहाला नेतात. कारकून तिकडे अडकले, की इकडे नकलांवर शिक्के पडत नाहीत. तिसरा प्रकार सर्क्युलर आरएनएचा. त्याची दोन टोकं एकमेकांना जोडलेली असतात. आरएनए कुरतडणारी अनेक एन्झाइमं टोकापासून सुरुवात करतात, आणि इथे टोकच नसल्यामुळे हा रेणू बराच काळ तग धरतो. २०१३ मध्ये वर्णन झालेल्या अशा एका रेणूवर मिर-७ या एकाच मायक्रोआरएनएसाठी सत्तराहून जास्त जागा आहेत.

इजा होते, पण कळत नाही

या सगळ्याचा केमोशी संबंध पाहायला सगळ्यात चांगलं उदाहरण मिर-२१ चं आहे. २००८ साली अमेरिकेतल्या मेरीलँडच्या आणि हाँगकाँगच्या मिळून सुमारे दोनशे रुग्णांच्या मोठ्या आतड्याच्या गाठी तपासल्या गेल्या. ज्यांच्या गाठीत मिर-२१ जास्त, त्यांचं आयुर्मान कमी आणि केमोचा गुणही कमी, असं त्यात दिसलं. दोन खंडांतल्या दोन वेगळ्या गटांत तेच आढळलं, म्हणून त्याला वजन आलं.

पण मिर-२१ नेमकं करतं काय? २०१० मध्ये त्याचा एक धागा हाती लागला. डीएनएची प्रत काढताना अक्षरांच्या चुकीच्या जोड्या जुळल्या, तर त्या पकडणारी प्रथिनांची एक यंत्रणा पेशीत असते, तिला मिसमॅच रिपेअर म्हणतात. एमएसएच-२ हे त्यातलं एक मुख्य प्रथिन. मिर-२१ याच प्रथिनाच्या नकलांवर रद्दचा शिक्का मारतं.

इथे वाचक अडखळेल आणि अडखळायलाच हवं. दुरुस्ती करणारी यंत्रणा बंद पडली, तर औषधाने झालेली इजा भरून निघणार नाही आणि पेशी लवकर मरेल, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात उलटं होतं. फाइव्ह-एफयूचं नकली अक्षर डीएनएत घुसून चुकीच्या जोडीदारासमोर बसलं, की ते पकडतं हेच पथक. पकडल्यावर पेशीचं विभाजन थांबतं, दुरुस्तीचे प्रयत्न होतात, आणि जमत नाही असं दिसलं की मरणाचा निर्णय होतो. पकडणारंच कोणी उरलं नाही, तर डीएनएत चुका साचत राहतात आणि पेशी खुशाल वाढत राहते. मिर-२१ जास्त असलेल्या पेशींना फाइव्ह-एफयू दिल्यावर त्या थांबल्याही कमी आणि मेल्याही कमी. उंदरांत वाढवलेल्या गाठींवरही औषधाचा परिणाम उणावला.

एमएसएच-२ चं जनुक जन्मतः बिघडलेलं असलं, तर लिंच सिंड्रोम होतो. अशा घराण्यांत आतड्याचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. तिथे मूळ दप्तरच खराब असतं. मिर-२१ वाल्या पेशीत दप्तर शाबूत आहे, फक्त नकला रद्द होतात. खराब झालेलं दप्तर दुरुस्त करता येत नाही. कारकुनाला आवरता मात्र येईल, आणि या संशोधनामागची सगळी आशा तेवढ्यावर टिकून आहे.

मरायचं नाही आणि औषध ठेवायचंही नाही

न बधणारी पेशी प्रयोगशाळेत मुद्दाम घडवता येते. प्लॅस्टिकच्या चपट्या फ्लास्कमध्ये, गुलाबी द्रवात, जठराच्या कर्करोगाच्या पेशी तळाला चिकटून वाढत असतात. त्यात औषधाची अगदी किरकोळ मात्रा टाकायची. बहुतेक पेशी गोल होऊन सुटतात आणि वर तरंगतात, त्या मेलेल्या. द्रव ओतून टाकायचा आणि तळाशी चिकटून राहिलेल्या मोजक्या पेशींना पुन्हा वाढू द्यायचं. मग मात्रा थोडी चढवायची. असं महिनोन्‌महिने करत गेलं, की मूळ पेशींना सहज मारणाऱ्या मात्रेत आरामात राहणाऱ्या पेशी हाती येतात. गंमत म्हणजे एकाच औषधावर घडवलेल्या पेशी पुष्कळदा त्या औषधाशी काही संबंध नसलेल्या दुसऱ्या औषधांनाही जुमानत नाहीत.

चीनमधल्या एका गटाने २००८ मध्ये व्हिन्क्रिस्टिन या औषधावर अशा घडवलेल्या जठराच्या पेशी मूळ पेशींशी ताडून पाहिल्या. निगरगट्ट पेशींत मिर-१५बी आणि मिर-१६ हे दोन मायक्रोआरएनए घटलेले निघाले. हे दोघं एरवी बीसीएल-२ या प्रथिनाच्या नकला रद्द करतात, आणि बीसीएल-२ चं काम अपॉप्टोसिस रोखून धरणं. कारकून कमी झाले, नकला वाढल्या, प्रथिन वाढलं आणि मरण लांबलं. संशोधकांनी हे मायक्रोआरएनए बाहेरून पुन्हा पुरवले, तेव्हा त्याच पेशी औषधाने मरू लागल्या. मिर-१५ आणि मिर-१६ यांची जोडी त्याआधी २००२ सालीच रक्ताच्या एका कर्करोगात हरवलेली सापडली होती. मायक्रोआरएनएचा कर्करोगाशी संबंध जोडणारी ती पहिली खूण.

दुसरी युक्ती औषध बाहेर फेकण्याची. पेशीच्या आवरणात पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप असतो. १९७६ मध्ये टोरांटोत जुलियानो आणि लिंग यांनी तो औषधाला न बधणाऱ्या पेशींत ओळखला. आपल्या आतड्याच्या अस्तरात, यकृतात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांत तो निसर्गतःच असतो आणि खाण्यातून आलेली विषारी द्रव्यं परतवतो. यातच पचनसंस्थेच्या गाठींच्या हट्टीपणाचं एक कारण दडलं आहे. ज्या पेशींचा पिढीजात धंदाच अन्नातलं विष हाताळण्याचा, त्यांच्यापासून झालेली गाठ डोसेटॅक्सेलसारख्या औषधाला बाहेर काढण्याची तयारी घेऊनच जन्मते.

जठराच्या न बधणाऱ्या पेशींत एमआरयूएल नावाचा एक लाँग नॉन-कोडिंग आरएनए वाढलेला आढळला. त्याचं जनुक पंपाच्या जनुकापासून सुमारे चार लाख अक्षरं पलीकडे, त्याच गुणसूत्रावर आहे. हा आरएनए पंपाचं कपाट उघडं ठेवायला मदत करतो. त्याला गप्प केलं, तर पंप घटतात आणि औषध पेशीत साचू लागतं. फाइव्ह-एफयू मात्र या पंपाने बाहेर जात नाही. प्रत्येक औषधासाठी गाठीची पळवाट निराळी असते.

चौकट: कोण काय करतं?

मिर-२१: चुका पकडणाऱ्या एमएसएच-२ ला दाबतं. वाढलं, तर फाइव्ह-एफयूने झालेली इजा पेशीला कळत नाही.
मिर-१५बी आणि मिर-१६: मरण रोखणाऱ्या बीसीएल-२ ला दाबतात. घटले, तर पेशी मरायला तयार होत नाही.
एमआरयूएल: औषध बाहेर फेकणाऱ्या पंपाचं जनुक चालू ठेवायला हातभार लावतो.
मिर-१८ए चा एक प्रकार आणि मिर-४८०२: घटले, तर पेशी स्वतःचेच जुने भाग खाऊन तग धरते. हे कसं, ते पुढे पाहू.

शेजाऱ्यांची फूस

गाठीत फक्त कर्करोगाच्याच पेशी असतात असं नाही. स्वादुपिंडाच्या गाठीत तर बराचसा भाग इतर पेशींचा आणि तंतुमय ऊतीचा असतो. त्यातल्या फायब्रोब्लास्ट पेशी जेमसायटाबिन या केमोच्या औषधाला मुळातच दाद देत नाहीत. २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं, की जेमसायटाबिन मिळाल्यावर या फायब्रोब्लास्ट एक्झोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पिशव्या जास्त प्रमाणात सोडू लागतात. त्या पिशव्यांत मिर-१४६ए आणि इतर माल असतो. शेजारच्या कर्करोगपेशी तो घेतात आणि औषधातून वाचतात. पिशव्या सुटणं रासायनिक द्रव्याने रोखलं, तेव्हा वाचणाऱ्या पेशी कमी झाल्या. डीएनएतला बदल पेशीकडून तिच्या वंशजांकडेच जातो, पण ही विद्या शेजारी-पाजारीही पसरते.

शांघायमधल्या संशोधकांनी त्याच वर्षी याहून चक्रावून टाकणारा प्रकार मांडला. फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा तोंडातला जिवाणू हिरड्यांच्या दुखण्याशी जोडला जातो. मोठ्या आतड्याच्या ज्या गाठी केमोनंतर उलटल्या, त्यांच्यात तो जास्त सापडला. त्याची चाहूल लागली, की कर्करोगपेशीतले दोन मायक्रोआरएनए घटतात. ते ज्या प्रथिनांना दाबून ठेवत होते ती मोकळी होतात आणि ऑटोफॅजी सुरू होते, म्हणजे पेशी आपलेच मोडके भाग पचवून कठीण काळ काढते. ऑक्झालिप्लॅटिन आणि फाइव्ह-एफयू त्या काळात येऊन निघून जातात. आता यावरून कोणी 'दात घासा, केमो लागू पडेल' असा संदेश फिरवू नये. दात घासायला इतर कारणं भरपूर आहेत.

टोरांटोतल्या एका गटाने २०२१ मध्ये दाखवलं, की केमोच्या माऱ्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी एका मंद, दबा धरून बसलेल्या अवस्थेत जाऊ शकतात. कित्येक प्राण्यांचे गर्भ प्रतिकूल ऋतूत वाढ थांबवून असेच थांबतात. ही अवस्थाही ऑटोफॅजीवरच चालते. विशेष म्हणजे तिथे आधीपासून बदललेली एखादी खास पेशी निवडली गेली नव्हती. ही क्षमता सगळ्याच पेशींत होती. औषध थांबलं, की त्या पुन्हा वाढू लागल्या. मधल्या खंडानंतर जुनं औषध काही वेळा पुन्हा लागू का पडतं, याचा थोडा उलगडा इथे होतो.

मग औषध कुठे आहे?

मिर-२१ ला अडवायचं, मिर-१६ पुरवायचं, इतकं सोपं वाटतं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या एका चाचणीत मिर-३४ए या कर्करोगाला आवर घालणाऱ्या मायक्रोआरएनएची कृत्रिम प्रत, एमआरएक्स-३४, माणसांना देण्यात आली. यकृताच्या कर्करोगाचे रुग्णही त्यात होते. काहींमध्ये प्रतिकारशक्ती भयंकर खवळली आणि २०१६ साली चाचणी थांबवावी लागली. एक कारकून शेकडो नकलांवर शिक्के मारतो, हे वर आलंच आहे. गाठीतला एक हुकूम बदलायला जावं, तर निरोगी पेशींतले शंभर बदलतात. शिवाय आरएनए रक्तात झटकन तुटतो. त्याला आवरण घालून पाठवलं, तर तो बहुतेक यकृतात जाऊन बसतो. २०१८ मध्ये मंजूर झालेलं पॅटिसिरान हे आरएनएवर आधारलेलं औषध यशस्वी झालं, त्यामागे त्याचं लक्ष्य यकृतातच होतं हे मोठं कारण. स्वादुपिंडातल्या कठीण गाठीत पोचणं फार वेगळी गोष्ट आहे.

दुसरी अडचण जास्त लाजिरवाणी आहे. 'अमुक आरएनए तमुक रेणूला अडकवून केमोला दाद देऊ देत नाही' या साच्यातले शोधनिबंध हजारोंनी निघाले, बरेचसे फ्लास्कमधल्या पेशींवर बेतलेले. यातले अनेक एकाच छापाचे, पैसे घेऊन लिहून देणाऱ्या कारखान्यांतून आल्याचं उघड झालं आणि मागे घ्यावे लागले. ऑस्ट्रेलियातल्या जेनिफर बर्न यांनी असे निबंध पकडायची एक साधी रीत काढली: लेखात ज्या जनुकावर प्रयोग केल्याचा दावा आहे, त्यासाठी दिलेली अक्षरं खरोखर त्या जनुकाशी जुळतात का, ते पाहायचं. कित्येकदा जुळत नव्हती. प्रामाणिक संशोधनही चकतं. मिर-७ साठी सत्तर जागा असलेला तो सर्क्युलर आरएनए मोठ्या आतड्याच्या गाठीत मिर-७ ला अडकवून कर्करोगाला बळ देतो, असं मानलं जात होतं. २०२० मध्ये ऊतींचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा तो कर्करोगाच्या पेशींत आढळलाच नाही. तो आजूबाजूच्या पेशींत होता. गाठ वाटून तिचा लगदा तपासला, तर हा फरक दिसत नाही.

माझं मत असं, की या क्षेत्रातला पाया पक्का आहे, मजले मात्र घाईने चढवलेत. पचनसंस्थेच्या कर्करोगात कोणतं केमो द्यायचं हे नॉन-कोडिंग आरएनए तपासून ठरवण्याची पद्धत आज रुजलेली नाही, आणि गाठीला पुन्हा बधायला लावणारं असं एकही मंजूर औषध नाही. तेव्हा कोणी मायक्रोआरएनएची महागडी तपासणी सुचवली, तर तिच्या निकालाने उपचारांत नेमका काय फरक पडणार, हे आधी विचारून घ्यावं. केमो लागू पडेनासं झालं, तर रुग्णाच्या खाण्यापिण्यात, पथ्यात किंवा मनाच्या खंबीरपणात खोट काढण्याचंही कारण नाही.

दोन तपासण्या मात्र आज उपलब्ध आहेत आणि त्यांचा उपयोग ठरलेला आहे. पहिली डीपीडीची. यकृतातलं हे एन्झाइम फाइव्ह-एफयूचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग मोडून टाकतं; ज्याच्यात ते जन्मतः कमी, त्याला नेहमीची मात्राही जिवावर बेतू शकते. फाइव्ह-एफयू किंवा कॅपेसिटाबिनच्या गोळ्या सुरू करण्याआधी ही तपासणी करावी, अशी शिफारस युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये केली. दुसरी तपासणी त्याच मिसमॅच रिपेअर यंत्रणेची. बायोप्सीचा मेणातला ब्लॉक लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो, त्यावर एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२ आणि एमएसएच-६ ही चार प्रथिनं आहेत की नाहीत हे पाहता येतं. ती हरपलेली असतील आणि रोग दुसऱ्या टप्प्यात असेल, तर नुसत्या फाइव्ह-एफयूचा फायदा होत नाही. रोग पसरलेला असेल, तर इम्युनोथेरपीचा पर्याय खुला होतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं निदान झालं असेल, तर पहिल्या सायकलीआधी या दोन्ही रिपोर्टांबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.